मांडीवरचं सूप, हातातलं कार्ड

मी सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले. त्यातली पहिली सहा वर्षं बायकांच्या जवळच्या नजरेचे नंबर चुकीचे काढले. चुकीचे म्हणजे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तंतोतंत बरोबर. हा फरक मला एका बाईने दाखवला आणि त्या बाईशी मी पुढे जे वागलो ते सांगायला हा लेख लिहितो आहे. संपादकांनी मागितले होते ‘धंद्यातले गमतीदार अनुभव’. गमती आहेत. त्या आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मला थोडा धीर येईल.

दुकानाचं नाव सांगत नाही. मुख्य दुकान सांगलीत, शाखा साताऱ्यात आणि फलटणला. मी साताऱ्यात. मालक अण्णा, सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातले. द्राक्षाची बाग भावाकडे सोपवून ते चष्म्यात आले होते. माणूस सज्जन, दिवस मावळायच्या आत जेवणारा, कुणावर आवाज न चढवणारा. पण ‘दुकान’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. “आपण वस्तू विकत नाय, सेवा देतो,” असं ते म्हणायचे. नव्वदचं दशक होतं. त्या काळात सगळेच अचानक सेवा द्यायला लागले होते. झेरॉक्सवाला सेवा देत होता, एसटीडी बूथवाला सेवा देत होता, आणि ज्याच्याकडून काहीच मिळायचं नाही तो मार्गदर्शन देत होता.

धंदा बाहेरच्यांना कळावा म्हणून थोडं सांगतो. नंबर दोन प्रकारचे, लांबचा आणि जवळचा. लांबचा काढायला भिंतीवर तक्ता असतो, वर मोठी अक्षरं, खाली बारीक. वाचता न येणाऱ्यांसाठी दुसरा तक्ता असतो, त्यात इंग्रजी ‘ई’सारख्या खुणांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं. जवळचा नंबर साधारण चाळिशीनंतर लागतो. त्यासाठी एक छोटं छापील कार्ड हातात देतात. नाकावर एक जड गोल लोखंडी सांगाडा चढवायचा, त्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, “हे बरं, की हे बरं?” आमचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे. समोरचा खरं बोलेल ही त्यात अट आहे. पण आमच्या भागात कुणी डोळे तपासायला येत नाही, पास व्हायला येतो.

एकदा फलटणकडच्या एका साखर कारखान्यावर ड्रायव्हर लोकांची तपासणी होती. दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे गरुडासारखे निघाले. रांगेतला पुढचा वाचतो ते मागचा ऐकतो, हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तक्ता बदलला. पन्नाशीचे एक ड्रायव्हर आले, ताठ उभे राहिले आणि कालच्या तक्त्याच्या पाचही ओळी धाडधाड म्हणून दाखवल्या.

“काका, तक्ता बदललाय,” मी म्हटलं.

ते अजिबात गडबडले नाहीत. “मग आदी सांगायचं न्हाई व्हय? काल भाच्याकडनं लिवून घेतला. सकाळपासनं पाठ करतोय.”

“समोरची अक्षरं दिसत नाहीत का?”

“अक्षरं कशाला दिसाय पायजेत? रस्ता दिसतोय की!”

त्यांना लांबचा चांगला मोठा नंबर निघाला. तो लिहून दिला तर म्हणाले, “म्हंजे नापास.”

“नापास नाही हो, चष्मा लावला की झालं.”

“त्येच की,” ते म्हणाले आणि मागच्याला तक्ता बदलल्याची बातमी देऊन गेले.

लोणंदच्या बाजारातले एक कांदा व्यापारी यायचे, त्यांना बिननंबरचा चष्मा हवा होता. उन्हात काळी होणारी काच नुकतीच आली होती. ती मी त्यांना उत्साहाने दाखवली. ते म्हणाले, “काळाच ठेवा वो, कायमचा. लिलावात मी कुठल्या ढिगाकडं बघतोय ते समोरच्याला कळाय नको.” ही गोष्ट मी अण्णांना सांगितली आणि त्या हंगामात आम्ही बाजारात काळे चष्मे बरे खपवले. म्हणजे गिऱ्हाइकाने बोलता बोलता शिकवलं, आम्ही शिकलो. इतकं साधं होतं ते. पण साधं असल्यामुळेच अण्णांना ते पटेना. ज्ञान पुण्याहून यावं असं त्यांना वाटायचं.

आता शालनबाई.

ती कोरेगावकडची. दुकानात झाडायला म्हणून आली तेव्हा तिशीची असेल, साधारण माझ्याच वयाची. वडिलांच्या काळात घराने धम्म घेतलेला, सातवीपर्यंत शाळा झालेली, नवरा एसटीच्या वर्कशॉपात. झाडून झालं की ती फ्रेमा पुसायची, भिंगं धुवायची. आमचा भिंग घासणारा कारागीर गाव सोडून गेला तेव्हा आठवडाभर सगळी कामं अडली. आठव्या दिवशी मी दुकानात आलो तर चाकाचा आवाज येत होता. फ्रेमच्या मापाने भिंगाची कड घासणं हे हाताचं, नजरेचं काम आहे. जरा जास्त दाब पडला की भिंग तडकतं. शालनबाईने तोपर्यंत चार भिंगं घासून ठेवली होती.

“कुणी शिकवलं?”

“शिकवतंय कोन? तीन वर्सं त्येच्या माघारी उभी ऱ्हाऊन फरशी पुसलीया.”

त्या दिवसापासून ती भिंगं घासू लागली. पगाराच्या पुस्तकात तिच्या नावापुढे ‘सफाई’ होतं ते तसंच राहिलं. ते बदलायचं काम माझं होतं. मला आठवण झाली नाही. आठवण झाली नाही हे इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, म्हणून इथेही आधी तेच लिहिलं. खरं म्हणजे तिने विचारलं नाही आणि मला ते सोयीचं होतं.

तेव्हा आम्ही गावोगावी शिबिरं घ्यायचो. स्वस्तात चष्मे द्यायचे, वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणायच्या. पण एक गोष्ट अण्णांना टोचत होती. बायकांना दिलेले जवळचे चष्मे परत यायचे. तक्रार एकच, “डोकं धरतंय.” मी पुन्हा तपासायचो. कार्ड हातात द्यायचो, कार्डावरचे ठिपके तिला मोजता यायचे, नंबर बरोबर निघायचा. मग मी आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य टाकायचो, “सवय होईल हळूहळू.” सवय व्हायची ती चष्मा देवळीत ठेवायची.

अण्णा पुण्याच्या एका चर्चासत्राला गेले आणि येताना एक सल्लागार घेऊन आले. गळपट्टा, सुटकेस, आणि भिंतीवर चित्रं पाडणारं यंत्र. पहिल्याच दिवशी त्यांनी दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक वर्तुळ पाडलं. मधोमध ‘सामाजिक नवोपक्रम’, भोवती सहा चौकोन: तज्ज्ञ, विद्यापीठ, नियतकालिके, स्पर्धक, ग्राहक, कर्मचारी. प्रत्येक चौकोनातून बाण निघून मधल्या वर्तुळात घुसत होता. “सेवा देणारी संस्था ज्ञान कुठून घेते, त्यावर तिचं समाजातलं काम ठरतं,” सल्लागार म्हणाले. वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्याचा अर्थ त्या खोलीत एकालाही कळला नव्हता, सल्लागारांना धरून. शालनबाई मागे उभी राहून चहाचे कप गोळा करत होती आणि यंत्राच्या उजेडात आल्यामुळे तिची सावली नेमकी त्या वर्तुळावर पडली. सल्लागार म्हणाले, “बाई, जरा बाजूला व्हा.”

त्यांचं निदान आलं: ग्रामीण स्त्रीला चष्म्याचा न्यूनगंड आहे. उपाय: पथनाट्य आणि गुलाबी फ्रेम. सल्लागार एकाही बाईशी बोलल्याचं मला आठवत नाही, पण त्यांनी परदेशी मासिकाचं कात्रण दाखवलं. आम्ही गुलाबी फ्रेमांची खोकी मागवली. गुलाबी चष्मे परत आले. फरक एवढाच झाला की रस्त्यावरून परत येणारी बाई लांबूनच ओळखू यायची.

त्यानंतरचं शिबिर मेढ्याच्या बाजूला एका डोंगरातल्या गावात होतं. शाळेच्या पडवीत मी टेबल मांडलं होतं, शालनबाई फ्रेमा द्यायला सोबत. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई आल्या, नाव भागीरथीबाई. मी कार्ड दिलं, भिंगं बदलली, सव्वादोन नंबरच्या भिंगाला ठिपके स्पष्ट झाले. मी नंबर लिहायला घेतला.

“थांबा जरा, साहेब,” शालनबाई म्हणाली.

शाळेसमोरच्या घरात आमच्या जेवणाची तयारी चालली होती. ती तिकडे गेली आणि तांदळाचं भरलेलं सूप घेऊन आली. भागीरथीबाईंना पडवीत खाली बसवलं, सूप मांडीवर ठेवलं. नाकावर तो लोखंडी सांगाडा तसाच.

“मावशी, खडा काढा बघू ह्यातला.”

भागीरथीबाईंनी सूप वर उचललं. मग मान खाली घातली. मग पाठ वाकवली. त्या तांदळाच्या इतक्या जवळ गेल्या की वास घेतायत असं वाटावं. शेवटी सांगाडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ह्येच्यापरास अंदाजानं बरं.”

शालनबाई माझ्याकडे वळली. “साहेब, ह्यो चष्मा वाचनाऱ्याचा हाय. ही कुटं वाचतीया?”

मी तिला पुस्तकी उत्तर दिलं. जवळची नजर एवढ्या अंतरावर तपासतात, असं शास्त्र आहे, वगैरे.

“शास्तर असंल. पर पुस्तक हातात धरत्यात. सूप मांडीवर असतंय. कमी नंबरचं भिंग घाला की.”

मला राग आला होता, हे कबूल करतो. झाडणारी बाई चार लोकांत मला भिंग सांगते म्हणून. तिला खोटं पाडायला म्हणूनच मी दीडचं भिंग सांगाड्यात टाकलं. भागीरथीबाई ताठ बसून तांदूळ पाहू लागल्या. एक खडा निघाला. दुसरा. तिसरा. मग त्या एकदम हसायला लागल्या.

“अगं बया! ह्यात किडं बी हायत की! कुनाचा ह्यो तांदूळ?”

“आपल्या सायबाच्या जेवनाचा,” घरातून आवाज आला.

“मग ऱ्हाऊ द्या,” भागीरथीबाई म्हणाल्या, “सायेब कारडावरचं वाचत्यात. त्येस्नी न्हाई दिसायचं.”

सगळी पडवी हसली. मीही हसलो, पण दुपारी जेवताना प्रत्येक घास उजेडात धरून पाहिला.

त्या दिवसापासून शालनबाईने तपासणी बदलून टाकली. ती आधी विचारायची, “मावशी, दिसभर हातात काय असतंय?” कुणी तांदूळ निवडणारी, कुणी गोधडी शिवणारी, कुणी वाती वळणारी. एका आजींनी सांगितलं, “नातीच्या उवा बघायच्यात, बाकी जग दिसतंय त्येवढं पुरं.” मग शालनबाई नातीला बोलावून आजीच्या मांडीवर तिचं डोकं ठेवायची आणि डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर वितीने मोजायची. दोन विती, अडीच विती, तीन विती. कुठल्या वयाला किती विती म्हणजे कितीचं भिंग, याचा एक तक्ता तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने केला होता. मी तो पुस्तकाशी ताडून पाहिला. बरोबर होता. अंतर वाढलं की जवळचा नंबर कमी लागतो, हे पुस्तकातही होतंच. मी ते परीक्षेत लिहून पास झालो होतो. बाई समोर बसल्यावर ते आठवलं नव्हतं, कारण पुस्तकात माणसाच्या हातात नेहमी पुस्तकच असतं.

चष्मे परत यायचे थांबले. काही गावांतून बायकाच निरोप पाठवायच्या, “सुपावरचा चष्मा देनारी बाई पाठवा.” निरोपात माझा उल्लेख नसायचा.

दोनेक वर्षांनी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने सेवा क्षेत्रातल्या सामाजिक नवोपक्रमासाठी पुरस्कार जाहीर केला. अण्णांचे डोळे चमकले. अर्ज भरायला अण्णा, सल्लागार आणि मी बसलो. अर्ज चांगला जाड होता. त्यात एक रकाना होता: ‘नवकल्पनेचा ज्ञानस्रोत’.

“शालनबाईंचं नाव लिहू या का?” मी विचारलं. विचारलं एवढ्या हळू की कुणी ऐकलं नसतं तर मला बरंच वाटलं असतं.

सल्लागार म्हणाले, “शिक्षणाचा रकाना पुढेच आहे. सातवी लिहिणार?”

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, “झाडणारी बाई म्हटलं तर कमिटी हसल की. तिचं कवतिक आपण घरात करू.”

झाडणारी म्हणून, एवढंच कारण बोललं गेलं. पण तिचं आडनाव लिहिल्यावर कमिटीतल्या लोकांना काय काय कळलं असतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांपैकी एकानेही ते तोंडावर आणलं नाही. अशा गोष्टी आपल्याकडे बोलाव्या लागत नाहीत. पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं: ‘आंतरराष्ट्रीय व्यावसायिक नियतकालिके, तज्ज्ञ सल्ला व संस्थांतर्गत संशोधन’. आंतरराष्ट्रीय नियतकालिक आमच्याकडे एकच यायचं आणि त्याच्या गुळगुळीत पानांत शालनबाई गिऱ्हाइकाच्या फ्रेमा गुंडाळून द्यायची. उरलं ‘संस्थांतर्गत संशोधन’. त्या दोन शब्दांत मी एक जिवंत बाई पुरली.

पुरस्कार मिळाला. अण्णांना शाल, सल्लागारांना स्टेजवर खुर्ची, मला अण्णांच्या मागे उभं राहून फोटोत अर्धं तोंड आणि पुढच्या महिन्यात मॅनेजरचं पद. मानपत्र चौकटीत बसवून दुकानात लावलं. त्याची काच रोज कोण पुसणार हे वेगळं सांगायला नको. एका सकाळी शालनबाई पुसता पुसता थांबली आणि तिने ते सगळं वाचलं.

“साहेब, संस्थांतर्गत म्हंजे कुटं?”

“म्हणजे... आपल्याच इथे.”

“हितं म्हंजे कुनी?”

“आपण सगळ्यांनी मिळून.”

तिने काचेवर आणखी एकदा फडकं फिरवलं. “सगळे लय दिसत्यात ह्यात,” एवढंच म्हणाली.

पुरस्कारानंतर सल्लागारांना वाटलं, आता याला शिस्त लावली पाहिजे. गावोगाव सूप घेऊन फिरणं संस्थेच्या प्रतिमेला शोभत नाही. त्यांनी तांदळाचा एक सुंदर रंगीत फोटो काढून घेतला, त्यात मोजून सात खडे, आणि तो गुळगुळीत कार्डावर छापला. वर प्लास्टिकचा कागद चढवून पक्का केला. खाली आमचं नाव. बाईच्या हातात कार्ड द्यायचं आणि सात खडे मोजायला सांगायचं.

शालनबाईने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आली.

“साहेब, कारड हातात धरत्यात वो.”

मला लगेच कळलं. तांदूळ, सूप, खडे यात तर काही नव्हतंच. होतं ते मांडीत, पाठीत, बसण्यात होतं. कार्ड हातात आलं की पुन्हा वाचणाऱ्याचं अंतर, पुन्हा वाचणाऱ्याचा नंबर. सगळा शोध आम्ही छापून परत जिथल्या तिथे आणून ठेवला होता. हे सल्लागारांना कळलं नाही कारण अर्जात लिहिल्याप्रमाणे तो शोध त्यांचाच होता, आणि स्वतःच्या शोधाबद्दल दुसऱ्याला काय विचारायचं? मी बोलायला हवं होतं. मी नुकताच मॅनेजर झालो होतो. मी शालनबाईला म्हणालो, “बघू, सवय होईल.”

तेच वाक्य. यावेळी बोलताना माझं मलाच ऐकू आलं.

कार्ड होतं म्हणून शिबिरांना शालनबाईची गरज उरली नाही. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे लावलेल्या दोन शिकाऊ मुली जायला लागल्या. वर्षभरात चष्मे परत येऊ लागले. सल्लागारांनी त्यावर अहवाल दिला की ग्रामीण स्त्रीचा न्यूनगंड अपेक्षेपेक्षा खोल आहे.

त्याच सुमारास शालनबाईच्या नवऱ्याची सांगलीला बदली झाली. तिकडच्या एका धर्मादाय रुग्णालयाला गावोगावच्या शिबिरांत बायकांची नजर तपासायला मदतनीस हवी होती. कायमची नोकरी. शिक्षणाची अट सैल होती, पण आधीच्या ठिकाणचं अनुभवाचं पत्र हवं होतं. शालनबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

“साहेब, मी काय काय केलं त्येवढं लिवून द्या. जास्तीचं कायबी नको.”

मी लिहायला बसलो आणि घाबरलो. ‘जवळच्या नजरेची तपासणी’ असं लिहिलं, तर मानपत्राचं काय? सल्लागारांचं काय? पुरस्काराच्या कार्यक्रमाला सांगलीचे डॉक्टर लोक हजर होते. पत्र त्यातल्या कुणाच्या हाती पडलं तर? तिने जे केलं ते लिहिलं असतं तर मी जे केलं ते उघडं पडलं असतं. मी लिहिलं: ‘सदर महिलेने आमच्याकडे साफसफाई व इतर किरकोळ कामे प्रामाणिकपणे केली.’ खाली सही, शिक्का.

तिने तिथेच उभं राहून वाचलं. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर मी कदाचित बदलून दिलं असतं, अशी स्वतःची समजूत मी पुढे बरीच वर्षं घालत होतो.

“प्रामाणिकपनं, त्येवढं बरं लिवलंय,” ती म्हणाली आणि घडी घालून निघून गेली.

काही महिन्यांनी सांगलीहून आलेल्या फ्रेमांच्या विक्रेत्याने सांगितलं, तुमची शालनबाई रुग्णालयात लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. “कुठल्या कामाला?” मी विचारलं.

“झाडायला,” तो म्हणाला. “पत्रात तसंच होतं म्हणं.”

त्या रुग्णालयात ती निवृत्त होईपर्यंत झाडत राहिली. आमचं दुकान मध्ये केव्हातरी बंद पडलं, अण्णा गेले. सल्लागार आता कुठल्या सेवेत आहेत ठाऊक नाही. मी दुसरीकडे नंबर काढत राहिलो आणि एक मात्र नेमाने केलं, समोर आलेल्या प्रत्येक बाईला आधी विचारलं, दिवसभर हातात काय असतं. लोक म्हणायचे, हा माणूस फार बारकाईने तपासतो. मी कधी कुणाला सांगितलं नाही हा प्रश्न कुणाचा. म्हणजे चोरी चालूच होती.

हा लेख मागितला गेला तेव्हा पहिला मसुदा मी फक्त गमतींचा केला. ड्रायव्हर, कांदा व्यापारी, किडे. शालनबाईला मी त्यात ‘आमची एक हुशार मदतनीस’ म्हटलं होतं. तो मसुदा फाडला आणि सांगलीची गाडी पकडली.

ती घरीच होती, पुढच्या दारात बसून मेथी निवडत. केस पांढरे झालेत. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी माफी मागितली. फार दिवस घोकलेली माफी होती, लांबलचक. ती मेथी निवडत राहिली.

“झालं?” तिने विचारलं. “आता कागुद आनलाय का?”

मी आणला होता. दुकानाचं जुनं लेटरहेड माझ्याकडे उरलं होतं, त्यावर टाइप करून. तिने हात पदराला पुसले, कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. “...शिबिरांमध्ये महिलांच्या जवळच्या नजरेच्या तपासणीत मोलाची मदत केली.” तिथे थांबली.

“मदत कुनाला केली मी?”

“मला.”

“म्हंजे तपासनी तुमी करत हुता?”

इतक्या वर्षांनी, इतकं पश्चात्तापाने भरून लिहितानाही माझ्या हाताने तिला मदतनीसच करून ठेवलं होतं.

“दुसरा कागुद हाय का?” ती म्हणाली. “लिवा. मी सांगते.”

तिने सांगितलं आणि मी हाताने लिहिलं: ‘शालनबाईंनी महिलांच्या जवळच्या नजरेच्या तपासणीची पद्धत शोधली आणि तपासणी केली. ती मी त्यांच्याकडून शिकलो.’ दुसरं वाक्य मी माझ्या मनाने घातलं. तिने ते वाचलं, मान हलवली. राहू दिलं.

सही केली. तारखेशी पेन थांबलं. मी विचारलं, “तारीख तेव्हाची घालू का? तुम्ही मागायला आला होता त्या दिवसाची?”

“नको,” शालनबाई म्हणाली. “आजची घाला. तवा दिलं न्हाई, त्ये बी दिसू द्या वाचनाऱ्याला.”